बेलखेडी-मांडवघाटच्या लढाईत माझं जेवण

वर्धा

संक्रांत तोंडावर आली होती. आमच्या वाडीतला रेल्वेत असलेला दत्ता सुट्टीवर घरी आला आणि ओटीवर टेकायच्या आधीच आईला सांगून मोकळा झाला, "काकी, तुमचा बाबल भेटला होता वर्ध्याला. म्हणत होता, इथे लढाई पेटणार आहे."

बांगलादेशची लढाई होऊन तेव्हा दोनच वर्षं झाली होती. वेंगुर्ल्यात आम्ही खिडक्यांना काळे कागद लावून बसलो होतो आणि आईच्या खोलीतला कागद तर अजून निघालाही नव्हता. त्यात त्या हिवाळ्यात अरबांनी तेल अडवलेलं. रॉकेलला रांगा, गाड्या रद्द, आणि पेपरात रोज कुणीतरी कुणालातरी धमकी दिलेली. आईने हे सगळं एकाच टोपात शिजवलं आणि अरब वर्ध्यावर चालून येतायत असं ठरवून टाकलं.

"शालन, जा आणि त्याक घेऊन ये," ती म्हणाली. बाबल माझा धाकटा भाऊ. वर्ध्याकडे पाटबंधारे खात्यात नोकरी लागून वर्ष झालं नव्हतं, लग्न व्हायचं होतं.

मी खाणावळ चालवते. ती जावेच्या हवाली केली, पिशवीत सोलं, सुके बांगडे आणि फणसाची साटं भरली आणि निघाले. नवरा स्टँडवर सोडायला आला होता. म्हणाला, "लढाईची काळजी नाही मला. तू पोचल्यावर त्या लोकांचं काय होईल, ते बघ."

वाटेतलं काही सांगत नाही. कोळसा नाही म्हणून गाडी मनात येईल तिथे उभी राहत होती, एवढं पुरे.

बाबल वर्ध्याच्या फलाटावर उभा होता. पहिल्यांदा मी त्याला ओळखलाच नाही. शर्ट त्याच्या अंगावर वाळत घातल्यासारखा दिसत होता. स्टेशनबाहेर आलूबोंड्यावर तिखटजाळ लाल रस्सा ओतून देतात. माझ्या डोळ्यांतून पाणी आलं, पण हा मात्र मान खाली घालून असा खात सुटला की दुकानदारानेच न मागता त्याच्या बशीत आणखी एक ठेवला.

"तुका कोण जेवूक घालीत नाय काय रे?" मी विचारलं.

"घालतात ना. दोन गावं घालतात," तो तोंड पुसत म्हणाला. "म्हणूनच उपाशी आहे."

मग त्याने लढाई समजावून सांगितली. बोर धरणाचं पाणी जिच्यातून येतं तिला आमच्याकडे पाट म्हणतील, बाबलच्या खात्याच्या कागदांत ती कालवा, आणि इथे ती नहर. तिच्या एका लहान फाट्यावर दोन गावं. वर बेलखेडी, टोकाला मांडवघाट. आधी एकाने पाणी घ्यायचं, मग फाटक उघडून दुसऱ्याला सोडायचं. ते फाटक उघडायचा लोखंडी दांडा बाबलच्या ताब्यात. गेल्या दोन पाळ्या मांडवघाटला पाणी पोचलंच नव्हतं. ते म्हणत, बेलखेडीने चोरलं. बेलखेडी म्हणे, एक थेंब घेतला असेल तर दाखवा. आता हिंगणीच्या बाजाराच्या दुसऱ्या दिवशी मांडवघाटची पाळी होती. पाणी आलं नाही तर काठ्या-कुऱ्हाडी घेऊन येऊ, असा निरोप त्यांनी पाठवला होता. बेलखेडीने उलटा निरोप पाठवला होता, की या, वाट बघतो.

"आणि जेवणाचं काय?"

"बेलखेडीत चहा प्यायलो तर मांडवघाट म्हणतं, साहेब फुटला. मांडवघाटात पाणी प्यायलो तर बेलखेडी म्हणते तेच. म्हणून कालव्यावरच्या चौकीवर खिचडी करतो. सकाळी खिचडी, संध्याकाळी खिचडी."

"पोलिसांना कळवलंस?"

"कळवलं. जीपला पेट्रोल नाही."

अरब अगदीच आले नव्हते असं नाही म्हणता येणार.

बेलखेडी

चौकी म्हणजे नहरीच्या बांधावरची दोन खोल्यांची इमारत. समोर काळी जमीन, तिच्यावर वाळत चाललेल्या पऱ्हाट्या, त्यांना राहिलेला कापूस वेचणाऱ्या बायका, आणि पलीकडे सागाच्या जंगलाची निळी रेघ. आमच्याकडे नजर चार पावलांवर माडाला जाऊन थडकते; इथे ती सुटली की परत यायचं नाव घेत नाही. थंडी मात्र अशी, की पहाटे मी बाबलचं घोंगडं ओढून घेतलं आणि मोठ्या बहिणीच्या हक्काने परत दिलं नाही.

दुसऱ्याच दिवशी बेलखेडीचे सरपंच दौलतराव स्वतः आले. पांढरंशुभ्र धोतर, काखेत ट्रान्झिस्टर. "ताई पाहुण्या आल्या अन् खिचडी खाऊन राह्यल्या? गावाची इज्जत नाई का आमच्या? आज जेवाले येजा."

बाबल त्यांच्या मागून मला डोळ्यांनी नको नको म्हणत होता. मी म्हटलं, "येते."

"आक्का!" ते गेल्यावर बाबल ओरडला.

"मी काय सरकारी नोकरीत आहे? मी पाहुणी."

दौलतरावांच्या घरी जेवायला हिरव्या कांद्याची पात घातलेलं वांग्याचं भरीत होतं, आणि ज्वारीची भाकर इतकी पातळ की मला माझ्या तांदळाच्या भाकरीची लाज वाटली. त्यांच्या बायकोला, मथुराबाईंना, मी मोठ्या कौतुकाने म्हटलं, "तुमच्यासाठी सोलं आणलीत मी, आमच्या घरची."

त्या ओशाळून हसल्या. "कायले एवढ्या दुरून वज्जं आणलं, माय? आमच्याइथं सोले ढिगानं हायेत."

मी थक्क झाले. वर्ध्यात कोकमाची झाडं? तेवढ्यात त्यांनी ताटात वाढलं, सोल्यांची भाजी म्हणून. ओल्या तुरीचे दाणे! मग मी पिशवीतून माझी काळी, सुकलेली, मीठ लागलेली सोलं काढली. मथुराबाईंनी ती हातात घेतली, वास घेतला आणि नवऱ्याकडे बघून हळूच विचारलं, "हे खाऊन राह्यली का ही बाई?" मी सार करून दाखवलं. दौलतराव एक घोट प्यायले, डोळे घट्ट मिटून बसले आणि म्हणाले, "औषध हाय. चांगलं हाय."

अंगणात गावातले पाचसहा जण गोफणी वळत बसले होते. मला वाटलं, ज्वारीवरची पाखरं हाकलायला असतील.

"पाखरंच," दौलतराव म्हणाले. "मांडवघाटची." मग ट्रान्झिस्टरवर थाप मारून म्हणाले, "ताई, तुमी बातम्या आयकता ना? अरबाइच्या जमिनीत तेल हाय, थे देतीन नाई तं नाई देनार. नहर कोनाच्या जमिनीतून गेली? आमच्या. माह्या बापाची चार एकर गेली त्या नहरीत. तरी आमी म्हनतो घ्या बाबा पानी. अन् वरून चोर आमीच?"

"खरंच घेत नाही तुम्ही जास्तीचं?"

दौलतरावांनी मिशीवर बोट फिरवलं. "थोडंसं होते. नहरीत मातीचं पोतं आडवं लावलं तं रात्रीतून एखादं वावर भिजते. पन पुरी पाळी? नाई. देवाशपथ नाई."

माणूस थोडी चोरी कबूल करत होता, म्हणजे मोठी त्याने केली नसावी असं मला वाटलं. खाणावळीत मी हेच बघते. माशाची तुकडी चोरणारा पोरगा "तुकडी घेतली, पण टोप नाही पाडला" असं सांगतो तेव्हा टोप बहुधा मांजराने पाडलेला असतो.

मांडवघाट

मी बेलखेडीत जेवले ही बातमी माझ्या आधी मांडवघाटला पोचली. सकाळी चौकीसमोर बैलगाडी उभी. गाडीत मांडवघाटचे सरपंच उकंडराव. उंच, हाडकुळे, अंगावर घोंगडी.

"त्याइचं जेवल्या, आता आमचं जेवा लागते," ते म्हणाले. "नाई तं तुमी त्याइच्या पार्टीच्या."

दोन देशांमध्ये शांतता राहावी म्हणून मी दोन्हीकडे जेवायला तयार होते. गाडीत बसले.

तिथे त्यांनी माझ्यासाठी शेतातच पानगे केले होते. कणकेचे गोळे पानात गुंडाळून गोवरीच्या विस्तवात भाजायचे, फोडायचे आणि वरणात बुडवायचे. मी हावरटासारखे खाल्ले. खाताना माझं लक्ष समोरच्या गव्हाकडे गेलं. बेलखेडीचा गहू गुडघाभर आणि हिरवागार होता. हा वीतभर, आणि टोकाकडून पिवळा पडत आलेला. जमिनीला भेगा इतक्या रुंद की उकंडरावांच्या म्हाताऱ्या आईने एकीत हात घालून मला दाखवला. हात मनगटापर्यंत आत गेला.

"मागच्या साली दुष्काय होता," म्हातारी म्हणाली. "तवा कोनाच्याइथंच नव्हतं, तं राग कोनावर करता? औंदा त्याइच्याइथं हाय अन् आमच्याइथं नाई."



परतताना उकंडराव गाडीबरोबर थोडं चालत आले. बाकीची माणसं मागे राहिली तेव्हा आवाज खाली करून म्हणाले, "ताई, तुमच्या भावाले परवा कुटंतरी घेऊन जा. पोरगा चांगला हाय. पन थो फाटकावर मधात उभा राह्यला, तं काठी कोनाची अन् कोनाले लागन, सांगता येत नाई."

त्या माणसाच्या डोळ्यांत धमकी नव्हती. खरी काळजी होती. चौकीवर येऊन मी बाबलला म्हटलं, "चल घरी. आईने बोलावलंय."

"दांडा कुणाकडे देऊ?" तो म्हणाला. "ज्या गावाला देईन, ते दुसऱ्याला मारेल. मी आहे म्हणून अजून दोघंही मलाच शिव्या देतायत."

हा कधी एवढा मोठा झाला, मला कळलंच नव्हतं. रागाच्या भरात मी खिचडी ढवळली.

हिंगणीचा बाजार

काळजी वाटली की मला मासे लागतात. बाजाराच्या दिवशी मी हिंगणीला गेले. मिरच्यांचे ढीग, संत्री, तूर, गूळ, बैलांच्या घुंगुरमाळा, सगळं होतं. मासळीच्या नावाने एका कोपऱ्यात कसलेसे सुके मासे, ज्यांना आमच्या मांजराने तोंड लावलं नसतं. आणि त्यांच्या पलीकडे एक बाई मातीचं मडकं घेऊन बसली होती. मडक्यात कुर्ल्या! जिवंत, गलेलठ्ठ, नांग्या आपटणाऱ्या.

तिचं नाव फुलाबाई. नहरीजवळच्या गोंडांच्या टोल्यावरची, म्हणजे वस्तीवरची. शेजारच्या बाईशी ती गोंडीत बोलत होती, माझ्याशी मराठीत. मी सगळं मडकं घेते म्हटल्यावर खूश झाली, पण "कुठे मिळाल्या?" असं विचारताच तिचा चेहरा दार लावल्यासारखा बंद झाला.

"नाल्यात."

"नाले तर सुकलेत सगळे."

"हाय एक नाला," ती म्हणाली आणि गोंडीत शेजारणीला काहीतरी सांगून उठून गेली.

चौकीवर कुर्ल्या धुवायला घेतल्या. पहिलं पाणी पिवळं, दुसरं पिवळं. नांग्यांच्या सांध्यांतून, पोटाखालून, सगळीकडून पिवळी चिकण माती निघत होती. मी मान वर करून बघितलं. नजर जाईल तिथवर जमीन काळी.

"बाबल, इथे पिवळी माती कुठे आहे रे?"

"कुठेच नाही. नहरीच्या बांधात तेवढी आहे, बाहेरून आणून टाकलेली."

मी हातातली कुर्ली खाली ठेवली. आमच्याकडे खाडीकाठच्या खाजणाच्या बांधाला कुर्ली काय करते, हे भातशेती असलेल्या कुणालाही विचारा. एक भोक पाडते. भोकातून पाणी झिरपतं, माती वाहते, भोक वाढतं आणि एका भरतीला बांध जातो.

दोन कुर्ल्या जिवंत ठेवून बाकीच्यांचं कालवण चुलीवर चढवलं, बाबलला टोपाजवळ बसवलं आणि उन्हं कलायच्या आत टोल्यावर गेले.

फुलाबाईने मला बघितलं आणि ओळखलं की आता लपवून उपयोग नाही. ती पुढे, मी मागे. बेलखेडीची वावरं संपल्यावर, फाटकाच्या थोडं अलीकडे, नहर एका नाल्यावरून पलीकडे जाते तिथे खाली बेशरमाची झाडी माजली होती. बाबल सायकलवरून बांधाच्या वरून जायचा. त्याला खालचं काय दिसणार? फुलाबाईने फांद्या बाजूला केल्या. बांधाच्या पायाशी माणूस वाकून आत शिरेल एवढं भगदाड होतं, आणि त्यातून मांडवघाटचा गहू खळखळत नाल्यात चालला होता.

नाल्याच्या काठाने टोल्यातल्या लोकांचा हरभरा उभा होता. हिरवा, घाट्यांनी लवलेला. कोथिंबीर, वांगी, एका कोपऱ्यात झेंडूसुद्धा.

"आमी नाई केलं," फुलाबाई म्हणाली. "खेकडाइनं केलं. आमी फक्त सांगतलं नाई."

"का नाही सांगितलं?"

"काऊन सांगू?" ती माझ्याकडे वळली. "नहर आमच्याच वावरातून गेली. बेलखेडीले पानी, मांडवघाटले पानी. टोल्याले नळाच नाई ठेवला. आमी कोनाले मारलं? आता तू जाऊन सांगशीन, अन् दोन्ही गावं मियून आमच्यावर येतीन. त्याइची दोस्ती होऊन जाईन अन् आमचा हरभरा जाईन."

ती खरं बोलत होती. न सांगावं तर उद्या फाटकावर डोकी फुटणार, त्यात एक माझ्या आईच्या लाडक्याचं. सांगावं तर दोन गावांचा राग या दहाबारा झोपड्यांवर. मी तिथेच काठावर बसले. फुलाबाईही बसली. तिने ओला हरभरा उपटून माझ्या मांडीवर टाकला आणि आम्ही दोघी दाणे सोलून खात राहिलो.

मडक्यातल्या त्या दोन कुर्ल्यांचं काय करायचं ते मला तिथे सुचलं.

"उद्या फाटकावर ये," मी तिला म्हटलं. "सगळ्यांसमोर उभी राहा. घाबरू नको."

"तूच घाबरून राह्यली," ती म्हणाली. तेही खरं होतं.

फाटक

सकाळी धुकं निवळलं तेव्हा फाटकाच्या एका बाजूला बेलखेडी आणि दुसऱ्या बाजूला मांडवघाट. काठ्या, कुऱ्हाडी, गोफणी. मधे बाबल, हातात दांडा. मी त्याच्या शेजारी, हातात झाकण बांधलेलं मडकं. लोकांना वाटलं, बाई तिळगूळ वाटणार. थोडं मागे फुलाबाई, टोल्यातल्या चारजणींबरोबर.

"चोर बेलखेडीचे!" तिकडून आवाज. इकडून शिव्या. त्या मी लिहीत नाही, पण दोनचार नवीन होत्या आणि लक्षात राहिल्या आहेत.

मी फाटकाच्या चौथऱ्यावर चढले आणि खाणावळीत उधारीवाल्यांसाठी राखून ठेवलेला आवाज काढला. "पाणी कोण चोरतंय, मला ठाऊक आहे!"

दोन्ही बाजूंच्या माना माझ्याकडे वळल्या.

"सांगते. पण आधी एक कबूल करा. दौलतराव, चोर तुमच्या गावचा नाही निघाला, तर या टोल्याला नहरीतून एक नळा काढू द्याल? तुमच्या पाळीतलं थोडं पाणी त्यांना?"

"चोर आमचा नाईच!" दौलतराव छाती पुढे काढून म्हणाले. "एक काय, दोन नळे घ्या!"

"उकंडराव, तुम्ही? चोर तुमच्या गावचा नसला तर?"

"आमचा कसा असन?" उकंडराव उखडले. "आमचंच तं पानी गेलं! देतो. गावासमोर सांगून राह्यलो, देतो."

दोघंही एकमेकांकडे बघून हसले. दोघांचीही खात्री, की आता समोरच्याची फजिती.

मी मडक्याचं झाकण सोडलं आणि ते चौथऱ्यावर पालथं केलं. दोन कुर्ल्या बाहेर पडल्या. एक तिरकी तिरकी दौलतरावांच्या बाजूला निघाली, दुसरी उकंडरावांच्या. गडबडीत बेलखेडीचा एक गोफणवाला दोन पावलं मागे सरला.

"हे चोर," मी म्हटलं. "कुठल्या गावचे, तुम्हीच ठरवा."

क्षणभर मला वाटलं, सगळ्या काठ्या आता माझ्यावरच येणार. मग मी पिवळी माती, बांध, बेशरमाच्या मागचं भगदाड, सगळं सांगितलं. तरण्या पोरांचा एक घोळका धावत बघून आला आणि धापा टाकत म्हणाला, "खरं हाय! हत्ती जाईन एवढं हाय!" हत्तीएवढं नव्हतं, पण मी हरकत घेतली नाही.

"टोल्याच्या लोकाइले मालूम होतं!" बेलखेडीतून कुणीतरी ओरडलं. "त्याइनं लपवलं!"

फुलाबाई पुढे आली. "हो, लपवलं. तुमी पोतं लावत होते, थे आमाले दिसे. थेही आमी लपवलं."

मांडवघाटची माणसं बेलखेडीकडे बघायला लागली. दौलतराव आपल्या ट्रान्झिस्टरकडे. आणि मग, माझ्या अंदाजात नव्हतं ते झालं. उकंडरावांना हसू फुटलं. पहिल्यांदा खोकल्यासारखं, मग पोट धरून. "पोतं!" ते म्हणाले. "दौलत, लेका, पोतं लावत होता तू? अन् मी समजत होतो, तुह्याकडे मोठी अक्कल हाय!" दौलतरावांची मिशी हलली. ते हसले नाहीत, पण त्यांनी हातातली काठी फाटकाला टेकवून ठेवली.

"दिलेला शब्द?" मी विचारलं.

"दिला म्हंजे दिला," दौलतराव पुटपुटले. "बाई मोठी खतरनाक हाय."

मांडवघाट, पुन्हा

दोन दिवस दोन्ही गावांनी मिळून बांध बुजवला. माती कोणी जास्त टाकली यावरून चार वेळा भांडण झालं. जेवण माझ्याकडे होतं. दोन्ही गावांतून पीठ, वांगी, तुरी आल्या, आणि सगळं एकाच कढईत पडल्यावर कोणाचं वांगं कोणाच्या पोटात गेलं याचा हिशोब कुणालाच लागला नाही. बाबल दोन ताटं जेवला. टोल्यासाठी सिमेंटचा एक नळा बांधात बसला. त्याची परवानगी बाबल नंतर वर मागणार होता. वरच्यांना कधी समजावायचं ते त्याने ठरवलं होतं. फुलाबाईने नळ्याच्या तोंडाशी हळद वाहिली, आपल्या भाषेत काहीतरी बोलली आणि मला मडकं भरून कुर्ल्या दिल्या. ती काय बोलली, ते मी विचारलं नाही.

मग बाबलने फाटक उघडलं.

सुक्या चारीत पाणी सोडलेलं मी कधी बघितलं नव्हतं. ते धावत येत नाही. पुढे पालापाचोळा, काड्या, उलटेपालटे होणारे किडे ढकलत, प्रत्येक भेगेत थांबून, तिला पाजून, मगच पुढे सरकतं. म्हाताऱ्या माणसाच्या चालीने. सगळं मांडवघाट त्याच्या बरोबरीने चारीच्या काठाने चालत निघालं. बायका डोक्यावरचा पदर सांभाळत, कुत्री पाण्याच्या तोंडाशी भुंकत. बेलखेडीचे काही जणही आले होते. म्हणाले, पाणी नीट पोचतं का बघायला. मथुराबाई माझ्याबरोबर होत्या. त्या लग्न होऊन बेलखेडीत आल्या तेव्हापासून या वाटेने कधी आल्याच नव्हत्या.

शिवारात पोचायला दुपार टळली. उकंडरावांची आई बांधावर बसून होती. पाण्याचं तोंड तिच्यासमोर आलं तशी ती चपला काढून चारीत उतरली, आणि तिच्या पायांच्या बोटांना अडून पाणी क्षणभर थांबलं.

"आधी कोनाचं वावर?" मागून कुणीतरी विचारलं.

"माह्यं. माह्यं वरचं हाय."

"वरचं असन. पिवयं माह्यं जास्त हाय!"

दोन चुलतभाऊ. बघता बघता आवाज चढले. उकंडराव तिकडे धावले, त्यांच्या मागे बाबल, हातातला दांडा उंच धरून. धावता धावता त्याने मागे वळून माझ्याकडे बघितलं.

मी मान हलवली. मी नाही येणार. मी चपला काढल्या आणि म्हातारीशेजारी चारीत उतरले. पाणी बर्फासारखं थंड होतं. तिने माझा हात धरला, भांडणाकडे पाठ केली आणि आम्ही दोघींनी पाय उचलले, तसं पाणी पुढे गेलं.